पुष्पकच्या नाकात कुठलं इंजिन?

पुष्पक विमानाचं एकास सहा प्रमाणातलं, रेडिओवर उडणारं मॉडेल बांधायला घेतलं तेव्हाच इंजिनाचा प्रश्न समोर आला, कारण इंजिनाची लांबी कळल्याशिवाय फायरवॉल (इंजिन जिच्यावर बसतं ती नाकातली फळी) कुठे चिकटवायची ते ठरत नाही. काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाची, लांबी मूळ विमानाने ठरवलेली असते. तिच्यात हात घालायचा नसेल तर प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) बैठकीपासून मागे मोजत यावं लागतं.

ज्यांना पुष्पक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे एचएएल या सरकारी विमान कंपनीचं दोन आसनी, वर पंख असलेलं साधं विमान. अमेरिकन एरोन्का चीफच्या धर्तीवर बनलेलं आणि १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिक याच्यावर शिकून बाहेर पडले. त्याच्या आधीचं एचटी-२ ज्यांनी आरेखलं ते विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकून आलेले. आपल्याकडच्या मैदानांवर पायपर कब दिसतं, स्पिटफायर दिसतं, पुष्पक मात्र शोधूनही सापडत नाही, याची मला जुनी खंत आहे. मूळ विमानाचे पंख छत्तीस फुटी, म्हणून माझे सहा फुटी. इंधनाशिवाय वजन साडेतीन किलोच्या आसपास जाईल असा अंदाज होता.

हल्ली इंजिनाबद्दल कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: मोटर लाव, बॅटरी लाव, उडव. सल्ला चुकीचा नाही. मोटर स्वच्छ असते, हात तेलकट होत नाहीत, सकाळी जाऊन पाच मिनिटांत विमान हवेत. माझी दोन विमानं मोटरवरच आहेत आणि राहतील. पण एरवी मोटरचा मोठा गुण असलेली ती शांतता पुष्पकच्या बाबतीत मला उणीव वाटत होती. ते विमान धावपट्टीवरून फटफटत जायला हवं होतं.

पेट्रोलचाही विचार केला. पंपावर मिळतं, स्वस्त पडतं, विमानाच्या पोटावर तेलाचा थर कमी बसतो. सैतो या जपानी कंपनीचं चौदा सीसीचं पेट्रोल फोर-स्ट्रोक या मापाच्या विमानात बसू शकतं. पण पेट्रोलला ठिणगी लागते. म्हणजे इग्निशनचा डबा आला, त्याची वेगळी बॅटरी आली, तो बंद करायचा स्विच आला, आणि हे सगळं रेडिओच्या रिसीव्हरपासून लांब ठेवायची कसरत आली. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाला यातलं काही लागत नाही. प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीने तापवून द्यायची. एकदा इंजिन चाललं की मिथेनॉलच्या संगतीत ती आपली आपण लाल राहते. लहान नाकाच्या विमानात मला तारांचा गुंता नको होता, त्यामुळे पेट्रोल तिथेच मागे पडलं.

आमच्या मैदानावर एक काका येतात. आयुष्यभर लेथवर काम केलेले, आता निवृत्त. ड्रॉइंग बघून ते म्हणाले, “इंजिनाचं नंतर बघू. आधी पंखा कुठला फिरवायचाय ते सांग.”

मला हे तेव्हा उलटं वाटलं, पण सगळ्या निवडीची किल्ली या एका वाक्यात होती. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांच्यात ताकद कुणाची जास्त, हा वाद मैदानावर कायम चालतो. एकाच मापात ती टू-स्ट्रोकची जास्त असते, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. दर फेरीला पेटणारं इंजिन दर दोन फेऱ्यांना पेटणाऱ्यापेक्षा जास्त काम करणारच. म्हणून ४६ च्या टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक लावायचं तर ६०-७० चं लागतं. (हे आकडे घन इंचाच्या शंभराव्या भागातले. ७० म्हणजे ०.७० घन इंच, साधारण साडेअकरा सीसी.) खरा फरक ती ताकद किती फेऱ्यांवर मिळते यात आहे. ४६ चं टू-स्ट्रोक अकरा-सहाचा प्रॉप (व्यास अकरा इंच, पिच सहा) मिनिटाला साडेबारा हजार फेऱ्यांनी फिरवतं. ७० चं फोर-स्ट्रोक तेरा-सहाचा प्रॉप नऊ-साडेनऊ हजारांनी फिरवतं. प्रॉपची पिच सहा इंच असेल तर एका फेरीत तो कागदावर १५२ मिलिमीटर पुढे सरकतो. गुणाकार केला की टू-स्ट्रोकला ताशी ११४ किलोमीटर येतात आणि फोर-स्ट्रोकला नऊ हजारांवर ८२.

आता मूळ पुष्पकचा कमाल वेग ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास. मॉडेल हवेत खरं वाटायला हवं असेल तर मूळ वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचं असा जुना ठोकताळा आहे. सहाचं वर्गमूळ २.४५, म्हणजे उत्तर साठच्या खाली. ताशी ११४ चा प्रॉप लावून साठने उडायचं म्हणजे सतत थ्रॉटल मागे ओढून बसायचं. त्यात पुष्पकचं नाक रुंद आणि बोथट. अकरा इंची प्रॉपचा बराचसा वारा काउलिंगवरच आपटणार. तेरा इंची प्रॉपचं वर्तुळ क्षेत्रफळाने चाळीस टक्के मोठं, त्याची टोकं काउलिंगच्या बरीच बाहेर. तेव्हा पंखा तेरा इंची आणि सावकाश फिरणारा, हे आधी ठरलं. फोर-स्ट्रोक त्याच्या मागून आलं.

मग आवाजाचा हिशोब मांडून बघितला आणि मी जाम खूश झालो. मूळ विमानात काँटिनेंटल सी-९० होतं. चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे आडवे, मिनिटाला २,४७५ फेऱ्यांवर ९० अश्वशक्ती. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक प्रत्येक फेरीत दोनदा पेटतं. म्हणजे मिनिटाला ४,९५० ठोके, सेकंदाला साडेब्याऐंशी. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. तेवढेच ठोके द्यायला त्याला ९,९०० फेऱ्या लागतात. माझं इंजिन साडेनऊ हजारांवर चाललं तर सेकंदाला एकोणऐंशी ठोके पडतील. सूर जवळजवळ तोच! खाली आयडलवरही हे जुळतं. मोठं इंजिन सहाशे फेऱ्यांवर टुकटुक करत असेल तर सेकंदाला वीस ठोके, आणि मॉडेलचं इंजिन चोवीसशेवर ठेवलं तरी वीसच. टू-स्ट्रोक मात्र साडेबारा हजारांवर सेकंदाला दोनशेआठ वेळा पेटतं. म्हणजे सवा सप्तकाहून वर. एरवी मॉडेलच्या इंजिनाचा आवाज लोकांना कर्कश वाटतो तो यामुळेच. डेसिबल मोजायच्या आधी कानाला पट्टी बोचते.

काकांनी ही आकडेमोड ऐकून घेतली आणि विचारलं, “सत्तर घेणार की एक्क्याण्णव?”

एक्क्याण्णव म्हणजे पंधरा सीसीच्या जवळपास. मैदानावर निम्म्या लोकांचं मत त्याच्या बाजूने होतं. ताकद जास्त असलेली बरी, नको तेव्हा थ्रॉटल कमी कर, आणि नाहीतरी आखूड नाकाच्या विमानाला पुढे वजन लागतंच. शेवटचा मुद्दा खरा आहे. या जातीच्या विमानांना तोल साधायला नाकात शिसं घालावं लागतं, आणि मुकाट बसून राहणाऱ्या शिशापेक्षा तेवढ्याच वजनाचं इंजिन कधीही चांगलं. फोर-स्ट्रोक जड असतं ही तक्रार पुष्पकच्या बाबतीत आपोआप निकालात निघते. तरी मी सत्तरवर थांबलो. मूळ विमान ९० अश्वशक्तीत सहाशे किलोंना वर नेत होतं, तेही रमतगमत. सरळ वर चढणारं पुष्पक मला विचित्र दिसलं असतं. शिवाय एक्क्याण्णवला चौदा-पंधरा इंची प्रॉप लागतो, आणि पंधरा इंची जमिनीला लागू नये म्हणून चाकांचे पाय प्रमाणाबाहेर उंच करावे लागतात.

माप ठरल्यावर कंपनी. मॉडेलसाठी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निघालेलं पहिलं फोर-स्ट्रोक ओसाकाच्या ओएसचं, १९७६ सालचं एफएस-६०. त्याचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) उघड्यावर असायचे, चालताना ते नाचताना दिसत. पाठोपाठ सैतो आली आणि तिने फोर-स्ट्रोक हाच आपला धंदा केला. वायएसची गोष्टच वेगळी. ती क्रँककेसचा (पिस्टनखालच्या पोकळीचा) पंप करून सिलिंडरमध्ये जास्तीची हवा ढकलते आणि इंधन दाबाने सोडते. स्पर्धेतल्या एरोबॅटिक्ससाठी ही इंजिनं प्रसिद्ध आहेत, पण त्यांना भरपूर नायट्रोचं (नायट्रोमिथेनचं) इंधन लागतं. एक गंमत यात सांगण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात एके काळी टू-स्ट्रोकला दहा सीसीची मर्यादा होती आणि फोर-स्ट्रोकला वीस सीसीची. म्हणूनच १२० मापाची फोर-स्ट्रोक इंजिनं एवढी निघाली. वीस सीसीच्या आत मावणारं ते माप आहे. जुन्या बाजारात आजही ती दिसतात आणि लहान विमानवाल्याला उगाच मोह पाडतात.

माझ्यापुढे शेवटी दोन पर्याय उरले: सैतो ७२ किंवा ओएसचं जुनं सरपास ७०. सैतो हलकं आणि देखणं. त्याचा सिलिंडर आणि हेड एकाच तुकड्यात, त्यामुळे गॅस्केट गळायचा प्रश्न नाही. पण व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत पोचायचं तर सिलिंडरच्या आतून हात घालायचा. ओएसचं हेड बोल्ट काढले की सुटं होतं. मला हलकेपणाची गरज नव्हती, उघडून बघायची सवय मात्र आहे. सरपास मालिका कंपनीने केव्हाच बंद केली, तेव्हा नवं मिळणार नव्हतं. वापरलेलं शोधायचं होतं.

वापरलेलं फोर-स्ट्रोक बघणं हे टू-स्ट्रोकपेक्षा नाजूक काम आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं इंधन आणि तेल क्रँककेसमधूनच जातं, सगळं धुतलं जातं. फोर-स्ट्रोकमध्ये खाली पोचतं ते फक्त पिस्टन-रिंगच्या फटीतून निसटलेलं तेल आणि जळलेल्या वायूतली आम्लं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यात आपला पावसाळा. मग बेअरिंग गंजतात, कॅमवर खड्डे पडतात, आणि बाहेरून इंजिन आरशासारखं चकचकीत दिसत राहतं.

असंच एक चकचकीत इंजिन आधी बघायला मिळालं. विकणारा म्हणाला, “दोन टाक्यासुद्धा चाललेलं नाही, साहेब.” खरंही असेल. पण प्लग काढून प्रॉप सावकाश फिरवला तर बोटांना बारीक खरखर लागत होती. मागचं झाकण उघडायची परवानगी मागितली, त्याने दिली. आत मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर तपकिरी डाग होते. न चाललेलं असणं हाच त्याचा रोग होता. कुणीतरी शेवटच्या फेरीनंतर तेल न घालता ते कपाटात ठेवून दिलं होतं.

दुसरं दिसायला काळपट. हेडवर एरंडेल भाजून तपकिरी झालेलं, सायलेन्सरला पोचा. प्लग लावून प्रॉप दाबला तर स्प्रिंगसारखा परत येत होता, आणि दाब धरून ठेवला तर हळूहळूच उतरत होता. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी किंवा एक्झॉस्टला कान लावला तर हिस्स आवाज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसतात. ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीतून चाखण्याइतकं तेल बाहेर आलं (चाखलं नाही, मिथेनॉल विष आहे). रॉकरचं झाकण काढलं तर खाली सगळं ओलं, स्वच्छ. हे घेतलं.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, तपासायला मी ते ओळखीच्या बुलेट मेस्त्रींकडे नेलं. मला स्वतःला करता येतं, पण त्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांनी इंजिन तळहातावर घेतलं, रॉकरचे स्क्रू बघितले आणि म्हणाले, “ह्याला पण टॅपेट? द्या, फीलर आहे ना?” फट ०.०४ ते ०.१० मिलिमीटरच्या मध्ये ठेवायची, इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना. मेस्त्रींनी ०.०४ ची पट्टी सरकते आणि ०.१० ची अडते एवढं बघून नट आवळला. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

बसवताना मी इंजिन आडवं घातलं. उभं ठेवलं असतं तर फोर-स्ट्रोकचं उंच डोकं काउलिंगच्या वर आलं असतं. उलटं ठेवलं असतं तर प्लगमध्ये तेल साचायची शक्यता. आडवं ठेवल्यावर हेड बरोबर तिथे येतं जिथे मूळ काँटिनेंटलचा सिलिंडर होता. दुसऱ्या बाजूला खोटा सिलिंडर लावून टाकला. या इंजिनांचा कार्ब्युरेटर मागे, फायरवॉलच्या तोंडाशी असतो, म्हणून थ्रॉटलच्या दांडीला फिरायला जागा आणि नीडलला (मिश्रण कमी-जास्त करायच्या स्क्रूला) बोट पोचेल अशी वाट आधीच आखून ठेवली. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पाच-दहा मिलिमीटर खाली. त्यासाठी टाकीचा कप्पा पुन्हा कापला.

इंधनाचं रडगाणं मैदानावर सगळ्यांना पाठ आहे. महाराष्ट्रात मिथेनॉल विषारी द्रव्यांच्या नियमांखाली येतं, दुकानात जाऊन बाटली मागावी असा प्रकार नाही. आम्ही काही जण मिळून रीतसर मार्गाने घेतो. नायट्रोमिथेन महाग आणि दुर्मीळ. फोर-स्ट्रोकला आयडलसाठी पाच-दहा टक्के नायट्रो आवडतं, पण फोर-स्ट्रोकसाठी असलेला गरम प्लग, म्हणजे ओएसचा एफ, लावला तर त्याच्याशिवायही भागतं. माझं मिश्रण सध्या पाच टक्के नायट्रो आणि अठरा टक्के तेल असं आहे. तेलात थोडंच एरंडेल, बाकी सिंथेटिक. एरंडेल गुजरातेत मुबलक पिकतं आणि बेअरिंगला जपतं, पण जास्त झालं की व्हॉल्व्हच्या दांड्यांवर लाखेसारखं चिकटून बसतं.

पहिल्यांदा सुरू करताना काकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: स्टार्टर लावायच्या आधी हाताने दोन फेऱ्या फिरवून बघ. आडव्या इंजिनात इंधन सहज सिलिंडरमध्ये साचतं, आणि द्रव दाबला जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरं म्हणजे प्रॉपच्या नटावर दुसरा नट. फोर-स्ट्रोक लीन झालं, म्हणजे इंधन कमी पडलं, तर उलटा झटका देतं आणि सैल नटासकट प्रॉप पुढे फेकतं. समोर कुणी उभं राहायचं नाही, हे मी माझ्या पुतण्याला दटावूनच सांगितलं.

नीडल लावताना टू-स्ट्रोकची सवय उपयोगाची नाही. तिथे मिश्रण रिच झालं (इंधन जास्त झालं) की आवाज फुटतो, कान सांगतात. फोर-स्ट्रोक रिच असो की लीन, जवळपास सारखंच बोलतं, म्हणून फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर हवाच. माझा टॅको स्वस्तातला, म्हणून आधी चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटसमोर धरून तपासला. पन्नास हर्ट्‌झवर ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, दोन पात्यांच्या सेटिंगला बरोबर ३,००० दिसायला हवेत. दिसले. मग फुल थ्रॉटलवर नीडल आवळत फेऱ्या वाढायच्या थांबल्या तिथपर्यंत गेलो आणि तिथून दोन-तीनशे फेऱ्या कमी होतील इतकी परत उघडली. हवेत प्रॉप मोकळा होतो आणि मिश्रण आणखी लीन होतं, त्याची ही आगाऊ तजवीज.

पुष्पक उडालं तेव्हा साडेतीन किलोंना थोडंच जास्त भरलं होतं. शेपूट उचललं, अर्ध्याच्या जरा वर थ्रॉटलमध्ये जमीन सोडली. वळताना आवाज खाली-वर होत नव्हता, मोठ्या प्रॉपमुळे इंजिन फेऱ्या धरून ठेवतं. शेजारच्या शेतातले आजोबा बांधावर आले. आमच्या टू-स्ट्रोकवर ते नेहमी वैतागतात, “म्हशी बुजतात रे.” या वेळी त्यांनी विचारलं, “हे खरं पेट्रोलवर चालतं का?”

एक किरकोळ गोष्ट खटकते आहे. लँडिंगला आयडल चोवीसशेवर असतानाही तेरा-सहाचा प्रॉप थोडं जास्त ओढतो आणि विमान तरंगत राहतं. काकांचं म्हणणं, चौदा-चारचा लावून बघ. पिच कमी म्हणजे ओढ कमी, आणि व्यास वाढल्यामुळे खाली येताना ब्रेकही चांगला लागेल. फेऱ्या तितक्याच राहतील असा त्यांचा अंदाज आहे, म्हणजे सुराला धक्का नाही. जमीन आणि प्रॉपमधली जागा मोजली, चौदा इंची जेमतेम बसतो. प्रॉप मागवला आहे. तोवर प्रत्येक वेळी मैदान सोडताना नळी काढून टाकीबाहेरचं इंधन जाळून टाकायचं, ब्रीदरमधून आणि प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडायचे, प्रॉप हाताने फिरवायचा आणि मगच गाडीत ठेवायचं, एवढं चालू आहे.